शुक्रवारी दुपारी पोरगी कुठे जाणार? ठाण्यातल्या एका घराने इस्रायलमधली बोर्डिंग शाळा कशी निवडली

हे प्रकरण माझ्या धाकट्या बहिणीच्या घरातलं आहे. तिला आणि भाचीला विचारूनच लिहितेय, कोणाचं नाव देत नाहीये, शाळेचंही नाही, बाकी जसं घडलं तसं. आपल्या बेने इस्रायल घरांमधून सारखं कोणीतरी विचारत असतं की मुलाला दहावीनंतर इस्रायलला बोर्डिंगला पाठवावं का, आणि सांगणारे सगळे अभ्यास, खर्च आणि आर्मी या तीन गोष्टींवरच बोलतात. आमच्याकडे शेवटी निर्णय झाला तो चौथ्याच गोष्टीवर, आणि ती कोणत्याच माहितीपत्रकात ठळक लिहिलेली नसते.

ज्यांना आम्ही कोण ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले ज्यू, मराठी बोलणारे. अलिबागजवळ नौगावला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या अशी आमची परंपरा सांगते, मग तेलाचे घाणे चालवायचो आणि शनिवारी काम बंद म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली, आणि गावांवरून आडनावं पडली पेणकर, दिवेकर, नौगावकर. भारतात आता सगळे मिळून चार-पाच हजार ज्यू उरलेत, बाकी इस्रायलमध्ये. त्यामुळे प्रत्येक घराचं कोणी ना कोणी लोदला, अश्दोदला, बीरशेव्याला, दिमोनाला आहेच.

घर आणि मुलगी

बहीण-मेहुणे ठाण्यात टेंभी नाक्याजवळ राहतात, १८७९ सालचं शार हाशामाईम सिनेगॉग चालत जायच्या अंतरावर. मेहुणे औषध कंपनीत, बहीण प्रायमरीला शिकवते, घरात मेहुण्यांची आई, भाची आणि तिच्याहून लहान एक भाऊ. २०२२ च्या उन्हाळ्यात विषय निघाला तेव्हा भाची दहावीत जाणार होती, इंग्रजी मीडियम, स्टेट बोर्ड.

घरात धर्म किती पाळतात हे जरा नीट सांगते कारण पुढे सगळं यावरच अडलं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होतो, म्हणजे शनिवार रात्रीपर्यंतचा विसाव्याचा पवित्र दिवस, नियमाने त्यात काम, प्रवास, फोन काही चालत नाही. दिवे लागतात, मनुकांच्या शरबतावर किद्दुश म्हणजे शब्बाथची प्रार्थना होते, मटण आणि दूध एकत्र कधीच नाही, काही मानलं की एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य. शनिवारी सकाळी सिनेगॉग. पण शनिवारी संध्याकाळी पोरीला मॅथ्सचा क्लास असायचा, रिक्षाने जायची, फोन चालू असायचा आणि कोणी काही म्हणायचं नाही. ठाणे-मुंबईतल्या बहुतेक घरांचं असंच आहे, मनापासून पाळणारे पण पुस्तकातल्या सगळ्या नियमांनी नाही.

जायची इच्छा पोरीची स्वतःची होती. वर्गात ती एकटी ज्यू, योम किप्पुरला म्हणजे आमच्या उपासाच्या मोठ्या दिवशी सुट्टी मागायला दरवर्षी नव्या टीचरला पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचं, आणि तिच्या वयाची आपली मुलं अख्ख्या ठाण्यात बोटावर मोजण्याइतकी, तीही नात्यातलीच. म्हणाली, "मावशी, मला एकदा तरी अशा वर्गात बसायचंय जिथे मी कोण ते सांगावं लागणार नाही." पंधरा वर्षांच्या मुलीचं हे वाक्य मी फार गंभीरपणे घेतलं. बहिणीच्या मनात पुढे लग्नाचं काय ही काळजी होती आणि तिने ती लपवली नाही. मेहुण्यांना पोरीचं सायन्स बुडू द्यायचं नव्हतं. आणि आजींना ती धार्मिक शाळेतच हवी होती, नाहीतर जायचं कशाला असं त्यांचं सरळ म्हणणं.

आधी जे पर्याय गळले

इथेच ज्यू शाळेत घालायचं तर तसं आता काही उरलेलं नाही. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये आपल्या मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली, आमच्या आईची पिढी तिथे शिकली. लोक इस्रायलला गेले, आज तिथे बहुतेक मुलं मुस्लिम आहेत. शाळा चालू आहे याचा आनंदच आहे, पण पोरीला जे हवं होतं ते तिथे मिळणार नव्हतं.

अमेरिकेतल्या एका नातेवाइकांनी तिकडच्या ज्यू बोर्डिंग शाळा सुचवल्या. फीचे आकडे बघूनच मेहुणे गप्प झाले, स्कॉलरशिप मागता येते म्हणा, पण मला दुसरीच भीती होती. नॉर्थ कॅरोलिनात ग्रीन्सबरोला अमेरिकन हिब्रू अकॅडमी नावाची मोठी ज्यू बोर्डिंग शाळा होती, २००१ ला सुरू झाली, भलाथोरला कॅम्पस, आणि जून २०१९ मध्ये, वर्ष संपल्यावर ऐन सुट्टीत, बंद होतेय म्हणून जाहीर केलं. पुढच्या वर्षाची तयारी करून बसलेल्या मुलांनी जायचं कुठे? इंग्लंडमधलं कार्मेल कॉलेज तर १९४८ पासूनचं, तेही १९९७ ला बंद पडलं. म्हणजे फीवर आणि देणग्यांवर चालणाऱ्या छोट्या समाजाच्या शाळेत मूल टाकायचं तर तिची आर्थिक तब्येत विचारायलाच हवी, लाजायचं कारण नाही. जे तिथे राहतात त्यांचं ठीक आहे, शेजारची शाळा मिळते. ठाण्याहून पाठवलेल्या पोरीचं काय झालं असतं.

इस्रायलमध्येच काही महिन्यांचे सेमिस्टर प्रोग्रॅम असतात, होद हाशारोनचं अलेक्झांडर मस हायस्कूल त्यातलं जुनं, पण ते मुख्यतः अमेरिकन मुलांच्या सोयीचं, पैसे भरून जायचं आणि परत आपल्या शाळेत यायचं. आपल्या दहावी-बारावीच्या रचनेत ते बसतच नाही.

राहिलं नाले.

नाले म्हणजे काय आणि त्यात काय बघायचं

नाले हा इस्रायल सरकारचा आणि ज्यूइश एजन्सी या जगभरच्या ज्यूंना इस्रायलशी जोडणाऱ्या संस्थेचा कार्यक्रम, १९९२ ला सुरू झाला, तेव्हा सोव्हिएत युनियन नुकतंच फुटलं होतं आणि तिकडच्या मुलांसाठी म्हणून काढला, नंतर जगभरच्या ज्यू मुलांसाठी खुला झाला. आईबापांच्या आधी मुलं येतात, हायस्कूलची वर्षं बोर्डिंगमध्ये राहतात आणि बारावीला बागरूत म्हणजे तिकडची बोर्ड परीक्षा देतात. शिक्षण, राहणं, जेवण, आरोग्य विमा सरकारकडून. सुट्टीत ठाण्याला यायचं-जायचं तिकीट मात्र बहिणीने आपल्या खिशातून काढलं, ते धरून चाला. आधी चाचण्या आणि मुलाखत होते, त्यात मार्कांपेक्षा मूल एकटं राहू शकेल का हे जास्त बघतात असं मला वाटलं, आणि ते बरोबरच आहे.

यातल्या बऱ्याच शाळा युथ व्हिलेज आहेत, तिकडे कफार नोआर म्हणतात, म्हणजे शाळा, हॉस्टेल, शेती, गोठा सगळं एका आवारात. ही पद्धत जुनी आहे. मिकवे इस्रायल १८७० चं, बेन शेमेन १९२७ चं, आणि नंतर हिटलरच्या काळात जर्मनीतून एकटी आलेली हजारो मुलं अशाच ठिकाणी वाढली. म्हणजे आईबाप जवळ नसलेल्या मुलांना कसं सांभाळायचं याचा त्या देशाला मोठा अनुभव आहे, आणि बोर्डिंग म्हटलं की आपल्याकडे जी शिक्षा म्हणून टाकल्याची भावना असते ती तिकडे नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर बागरूतमध्ये प्रत्येक विषय युनिटवर असतो, मॅथ्स तीन, चार किंवा पाच युनिट, इंग्रजी तसंच. पाच युनिटला युनिव्हर्सिटी बोनस धरते. तनाख म्हणजे हिब्रू बायबल, इतिहास, नागरिकशास्त्र, हिब्रू भाषा हे चुकत नाही. पहिल्या वर्षी उलपान म्हणजे हिब्रू शिकवायचा खास वर्ग आणि बाहेरून आलेल्या मुलांना परीक्षेत सवलती असतात. मेहुण्यांनी शाळाशाळांचे निकाल काढून तक्ता केला होता. मी त्यांना म्हटलं की भाषाच येत नसलेल्या मुलीचा निकाल शाळेच्या सरासरीवरून कसा काढणार, तिचा निकाल ठरणार आहे संध्याकाळी चार ते दहा तिच्याजवळ कोण असतं त्यावर.

दोन प्रवाह, आणि आजींची जुनी जखम

इस्रायलमध्ये ज्यू मुलांच्या सरकारी शाळांचे दोन प्रवाह, ममलखती म्हणजे साधी सरकारी आणि ममलखती-दाती म्हणजे सरकारी धार्मिक, शिवाय हारेदी म्हणजे कट्टर धार्मिक लोकांच्या शाळा वेगळ्या. फॉर्ममध्ये हे आधी ठरवावं लागतं. दाती शाळेत मुलींना स्कर्ट, रोजची प्रार्थना, शब्बाथला फोन बंद. साध्या सरकारी युथ व्हिलेजमध्येही जेवण कोशेर म्हणजे धर्माच्या नियमांप्रमाणे असतं, सण होतात, पण शब्बाथ कसा पाळायचा ते मुलावर.

आजींना दाती हवं होतं, आणि त्याचं कारण मला वाटत होतं त्यापेक्षा खोल निघालं. १९६२ मध्ये तिकडच्या मुख्य रब्बींनी म्हणजे धर्मगुरूंनी लग्न लावण्याआधी बेने इस्रायल लोकांच्या पिढ्यांची चौकशी करायचे आदेश काढले होते, जणू आम्ही पुरते ज्यू आहोत की नाही अशी शंका. आपल्या लोकांनी आंदोलन केलं, जेरुसलेमला धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये तो प्रश्न मिटला, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत हे मान्य झालं. आजींच्या चुलतभावाचं लग्न त्या काळात अडकलं होतं. आजी म्हणाल्या, "पोरगी धार्मिक शाळेतून शिकली की उद्या कोणी तिला विचारणार नाही." साठ वर्षांपूर्वीचा अपमान नातीच्या शाळेच्या फॉर्मपर्यंत आला होता. आम्ही सगळे गप्प झालो आणि मला त्या क्षणी आजींचं म्हणणं पूर्ण पटलंही होतं.

पण मग भाची बोलली. तिचं म्हणणं, मी इथे शनिवारी फोन वापरते हे सगळ्यांना माहीत आहे, तिथे जाऊन मी पहिल्या दिवसापासून नाटक करायचं का? दाती शाळेत मुलं लहानपणापासून तसं जगलेली असतात, मी रोज चुकणार आणि रोज कोणीतरी मला शिकवणार. उलट साध्या शाळेत मी घरच्यासारखे दिवे लावीन, कारण तिथे ते माझं असेल. बहिणीने आजींना समजावलं की मूल ज्या पातळीवर घरी राहतं त्याच्या आसपासची शाळा बघायची, वर ओढायला किंवा खाली सोडायला बोर्डिंग ही जागा नव्हे. आजी लगेच मान्य झाल्या नाहीत. महिनाभर ते धुमसत राहिलं. शेवटी त्यांनी एकच अट घातली की शब्बाथला पोरगी आपल्या माणसांच्या टेबलावर बसली पाहिजे. या अटीमुळेच पुढचं सगळं उलगडलं.

शुक्रवार दुपार

दोन शाळांची नावं पुढे आली होती. एक उत्तरेला डोंगरावर, फोटो बघून कोणीही भाळेल, झाडी, लॅब, घोडे, खाली लांबवर समुद्र. दुसरी मध्य भागात, इमारती जुन्या, फोटोत बघण्यासारखं विशेष काही नाही. मेहुण्यांचं आणि भाचीचं मत पहिलीला, निकालही तिचे वरचढ.

तेव्हा लोदहून आमच्या चुलत ताईचा फोन आला. ती ऐंशीच्या दशकात तिकडे गेलेली, हॉस्पिटलमध्ये नोकरी केली, तीन मुलं तिकडच्याच शाळांत शिकवली. तिने सरळ विचारलं, "शाळा कुठची ते मागाहून बघा गं. शुक्रवारी दुपारी पोरगी कुठे जाणार ते आधी सांगा."

आणि मग तिने जे सांगितलं ते कोणत्याच मीटिंगमध्ये कोणी आम्हाला बोललं नव्हतं. तिकडे बोर्डिंगमधली मुलं दोन-तीन आठवड्यांनी, कुठे दर आठवड्याला, शुक्रवारी घरी जातात. दुपारनंतर रेल्वे बंद, बहुतेक बस बंद, ते थेट शनिवारी रात्रीपर्यंत. ज्या मुलाचं घर जवळ आहे ते बॅग घेऊन निघतं. ज्याचं नाही ते रिकाम्या होत चाललेल्या हॉस्टेलमध्ये राहतं किंवा ज्या घराशी जोडून दिलंय तिथे जातं. अशी घरं असतात आणि पुष्कळ चांगली असतात, पण पंधरा वर्षांच्या मुलीला पहिल्याच महिन्यात अनोळखी घरात दोन रात्री राहायला पाठवणं वेगळं आणि जिथे कोळंबी नसेल पण सोलकढी असेल अशा घरात जाणं वेगळं. उत्तरेच्या शाळेपासून लोद म्हणजे शुक्रवारी सकाळचा वर्ग सोडून निघावं लागणार, आणि आत्या राहते दिमोनाला, तिथे पोचायला अख्खा देश उभा ओलांडायचा. मधल्या शाळेतून लोद एका बसवर.

दुसरी गोष्ट सुट्ट्यांची. शाळा १ सप्टेंबरला सुरू होते आणि लगेच रोश हशाना म्हणजे नवं वर्ष, योम किप्पुर, सुक्कोत, सिमहात तोरा, सगळे मोठे सण महिन्याभरात. म्हणजे मूल आईला सोडून येतं, दोन आठवड्यांत जरा बिछान्याची सवय होते न होते तोच हॉस्टेल रिकामं व्हायला लागतं. ताई म्हणाली की जी मुलं टिकत नाहीत ती परीक्षेला घाबरून जात नाहीत, या सणांच्या महिन्यात खचतात.

बहिणीने दोन्ही शाळांकडून वर्षाचं कॅलेंडर मागवलं. मध्य भागातल्या शाळेने दुसऱ्याच दिवशी पाठवलं, हिब्रूत होतं पण पाठवलं. भाचीने डायनिंग टेबलवर त्याचा प्रिंट पसरला आणि स्केचपेनने रंगवायला बसली, हॉस्टेल चालू ते हिरवं, बंद ते लाल, आणि लाल चौकोनात लोद, दिमोना, लोद, लोद असं लिहीत गेली. एकही लाल चौकोन रिकामा उरला नाही. उत्तरेच्या कॅलेंडरवर तेच केलं तर निम्मे रिकामे. उत्तरेच्या शाळेतल्या माणसाला मी व्हिडिओ कॉलवर विचारलं की घर नसलेल्या मुली त्या दिवशी कुठे असतात, तर तो दोनदा म्हणाला की आमच्याकडे सगळ्यांना छान वाटतं. माणूस भला होता. पण हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मध्य भागातल्या शाळेतल्या मद्रिखाने, म्हणजे हॉस्टेलवर राहणाऱ्या काउन्सेलरने, स्वतःहून सांगितलं की गेल्या सणांना कुठल्या देशाच्या किती मुली थांबल्या होत्या, कोण ड्युटीवर होतं, जेवण कुठे झालं, आणि एक मुलगी रडत होती तर तिला कोणाच्या घरी नेलं.

मेहुण्यांनी तक्ता बाजूला ठेवला. नाले सगळ्यांना हवी तीच शाळा देईल असं नसतं, पण आम्ही पसंती आणि तिचं कारण, लोदची ताई, असं स्पष्ट लिहून दिलं आणि ती शाळा मिळाली.

लोदबद्दल एक शंका होतीच. २०२१ च्या मे महिन्यात तिथे दंगल झालेली, ताईच्या गल्लीपासून लांब नाही. बहिणीने तेही विचारलं, ताईने काही न लपवता सांगितलं, आणि ते ऐकूनच ठरवलं.

कागद आणि दहावी

हे पटकन सांगते, कामाला येईल. नववीनंतर लगेच पाठवायचा मोह होतो, आम्ही नको म्हटलं. एसएससीचं सर्टिफिकेट हातात असलं की भारतात परत यायची वाट उघडी राहते, जन्मतारखेपासून सगळीकडे तोच कागद लागतो. म्हणून मार्च २०२३ ला दहावी दिली, अकरावी सायन्सचा फॉर्मही भरून ठेवला, आणि तिकडे परत दहावीच्या वर्गात बसली. एक वर्ष गेलं असं नातेवाईक हळहळले. मला ते भाषेसाठी मिळालेलं वर्ष वाटतं. उद्या बागरूत घेऊन भारतात डिग्रीला यायचं झालं तर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडून समकक्षता घ्यावी लागते हेही आधीच बघून ठेवलं.

ज्यू असल्याचे पुरावे लागतात, आईबापांचा केतुबा म्हणजे लग्नाचा करार, सिनेगॉगचं पत्र, जन्मदाखले. बहिणीचा केतुबा मिळाला, आजींचा ट्रंकेत रेशमी साडीच्या घडीत. पण आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं, आजोबांचं नाव एकीकडे बायबलमधलं आणि रेशनकार्डावर मराठी वळणाचं. अॅफिडेव्हिट, गॅझेट, मग अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात चालावेत म्हणून सरकारी शिक्का, या सगळ्यात महिने गेले. ज्यांचा विचार आहे त्यांनी मूल आठवीत असतानाच कागद काढून बसा.

गेल्यावर

ऑगस्ट २०२३ च्या शेवटी गेली. खोलीत आणखी तीन मुली, तिघी तीन देशांच्या. घरी प्रार्थनेचं पुस्तक घडाघडा वाचायची, तिथे बसची पाटी वाचता येईना, कारण प्रार्थनेच्या पुस्तकात अक्षराखाली स्वरांच्या खुणा असतात आणि रस्त्यावरच्या हिब्रूत नसतात. तनाखच्या तासाला काही कळायचं नाही आणि मॅथ्सला वर्गात सगळ्यांच्या पुढे, आकड्यांना भाषा कमी लागते. सकाळी काकडी-टोमॅटो आणि चीज बघून वैतागली होती, मग लोदच्या ताईने दर शनिवारी रात्री लसणीची चटणी बांधून द्यायला सुरुवात केली.

घरात एक करार केला होता की हनुक्कापर्यंत, म्हणजे डिसेंबरातल्या सणापर्यंत, कोणीही परत ये किंवा परत येते हा शब्द काढायचा नाही. फोन रोज नाही, ठरलेल्या वारी, कारण तिकडे रात्री नऊ म्हणजे इकडे साडेअकरा आणि रडायला लागली तर दोन्हीकडची रात्र जाते. सणांचा महिना आला, तिने रोश हशाना आणि योम किप्पुर लोदला काढला, सुक्कोतचे मधले दिवस दिमोनाला आत्याकडे, आणि सिमहात तोरासाठी परत लोदला.

तो शनिवार म्हणजे ७ ऑक्टोबर, हमासने इस्रायलवर हल्ला केला तो दिवस. तिकडे सकाळी साडेसहाला सायरन झाले, इकडे नऊ वाजले होते, बहीण-मेहुणे सिनेगॉगला निघत होते. ताई शब्बाथला फोनला हात लावत नाही, त्या दिवशी तिने स्वतः फोन केला. "पोरगी माझ्याजवळ आहे, खाली मिकलातमध्ये आहोत," एवढंच. तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरून शेल्टरमध्ये पोचायला दीड मिनिट मिळतं, आणि ताईच्या गुडघ्यांमुळे पोरगी तिला धरून उतरवत होती हे आम्हाला नंतर कळलं.

करार अर्थातच तिथेच संपला. १२ ऑक्टोबरपासून भारत सरकारने तिकडच्या भारतीयांना परत आणायला ऑपरेशन अजयची विमानं सुरू केली, भाचीकडे भारतीय पासपोर्ट, मेहुण्यांनी तिचं नाव नोंदवलं. ती येईना. तिचं म्हणणं होतं की खोलीतल्या एका मुलीला घर नाही, ती कुठे जाईल, आणि ताई एकटी आहे. बहीण दोन रात्री झोपली नाही. मी तिला ये म्हण असंही म्हटलं नाही आणि राहू दे असंही नाही, ते आईबापांचंच काम होतं. शेवटी ठरलं ते असं की हॉस्टेल उघडेपर्यंत ती ताईकडे राहील, वर्ग ऑनलाइन करेल, हॉस्टेल उघडल्यावर मद्रिखाशी बहीण स्वतः बोलेल आणि मग परत एकदा विचार. हॉस्टेल उघडलं, बोलणं झालं, पोरगी राहिली. ती खोलीतली मुलगी त्यानंतर महिन्यातून एकदा तिच्याबरोबर लोदला यायला लागली.

हा निर्णय सगळ्यांनी असाच घ्यावा असं मी अजिबात म्हणत नाही. ज्यांनी मुलं परत बोलावली त्यांचंही मी पूर्ण समजू शकते. मला एवढंच दिसतं की त्या दिवशी ती आपल्या माणसाजवळ होती म्हणून बहिणीला घाईत काही करावं लागलं नाही, विचार करायला आठवडे मिळाले. उत्तरेची शाळा वाईट नव्हती, पण तिथून आम्ही पहिल्याच विमानाला तिला आणली असती.

आता कुठे आहोत

आता ती बारावीत आहे. मॅथ्स आणि इंग्रजी दोन्ही पाच युनिट, तनाख अजून जड जातं. जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध झालं तेव्हा परत शाळा बंद, परीक्षांचं वेळापत्रक विस्कटलं, पुन्हा लोदचा जिना. त्या वेळी मात्र परत यायचा विषय तिने किंवा बहिणीने काढला नाही.

पुढचा प्रश्न नागरिकत्वाचा. नालेची मुलं शिकून परत जाऊ शकतात, तिथे राहायचं तर नागरिकत्व घ्यायचं आणि मग आर्मी सक्तीची, मुलींनाही. धार्मिक मुली त्याऐवजी राष्ट्रीय सेवा करू शकतात, आजींनी ते आठवण करून दिलंच. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तिकडचं घेतलं की इकडचं जातं. २०१७ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मोदींनी तेल अवीवला जाहीर केलं होतं की सक्तीची लष्करी सेवा केलेल्या भारतीय वंशाच्या इस्रायलींनाही ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात ये-जा करायला आणि राहायला मिळणारं कार्ड, मिळेल, त्यामुळे दार अगदीच बंद होत नाही. पोरीचा कल राहण्याकडे आहे, मेहुणे म्हणतात निकाल लागू दे, आजी म्हणतात लग्नाला मी येईन कुठेही असलं तरी.

आणि धाकट्याने आता हट्ट धरलाय की मलाही जायचंय. ताई पुढच्या वर्षी लोदचं घर सोडून लेकाकडे बीरशेव्याला जाणार आहे, त्यामुळे त्याच्यासाठी भाचीची शाळा चालणार नाही, दक्षिणेकडच्या बघतोय. तीन ठिकाणांहून कॅलेंडर मागवलंय, एकाचं आलंय.